अस्तराची बाही

होनपसाहेबांच्या तोंडाला लवंगेचा वास यायला लागला, तेव्हाच मी ओळखलं.

डिसेंबरातली सकाळ होती, साडेसहा वाजले असतील. गवतावर दव इतकं होतं की विमानांच्या हँगरपासून कॅन्टीनपर्यंत चालत येणाऱ्यांच्या पँटी घोट्यापर्यंत भिजायच्या. साहेब मोटरसायकल लावून आत आले, हातमोजे काढले आणि दोन्ही हातांनी कप धरला. बशीत ठेवताना कप खडखड वाजला.

"बाई, साखर नको. आणि जरा कोमटच करून द्या."

"कोमट? एवढ्या थंडीत?"

"द्या हो. चौकशी नको."

डोळे लाल होते. चहाचा घोट त्यांनी तोंडात एका बाजूला धरला, मग गिळला. खिशातून काहीतरी काढून दाढेखाली टाकलं आणि तोंड फिरवलं. मला वास आला. लवंग.

माझा नवरा राघू या धावपट्टीचा राखणदार होता. तो पिऊन आला की लवंग चघळायचा, आणि मी विचारलं की म्हणायचा, चौकशी नको. अकरा वर्षं मी ती लवंग हुंगली. मग तो गेला, आणि फ्लाइंग क्लबवाल्यांनी त्याची खोली मला राहू दिली, बदल्यात मी कॅन्टीन सांभाळायचं. त्यामुळे लवंग कशासाठी खातात हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

गोष्ट आहे त्र्याऐंशी सालच्या हिवाळ्यातली. आमखेडीची धावपट्टी म्हणजे माळावरचा एक डांबरी पट्टा, पत्र्याचा हँगर, दोन लहान विमानं आणि उडायला शिकणारी आठ-दहा मुलंमुली. हिवाळा हा आमचा सुगीचा काळ. हवा स्वच्छ, आभाळ मोकळं. सकाळी सातपासून विमानं वर जायची, आणि गावातल्या बायका पट्टीच्या कडेला मिरच्या वाळत घालता घालता मान वर करून बघायच्या. विमान उतरायला आलं की ज्याच्या शेळ्या पट्टीवर असतील त्याच्या नावानं हँगरमधून हाक जायची. संक्रांतीला क्लब गावातल्या माणसांना एकेक फेरी मारून आणायचा. त्यासाठी नावं लिहायची चढाओढ लागे.

होनपसाहेब शिकवणारे होते. ते "जा" म्हणाले तर मुलानं पहिल्यांदा एकट्यानं उडायचं. नाही म्हणाले तर नाही. चिटणीस देवचक्के यांच्या भाच्याला ते दोनदा नाही म्हणाले होते, ही गोष्ट आमखेडीत शेळ्यांनाही माहीत होती.

साहेब बाहेर गेल्यावर मी शमुवेल मिस्त्रींना म्हटलं, "मिस्त्री, साहेबांचे हात बघितले?"

शमुवेल विमानांची दुरुस्ती बघायचे. त्यांनी चहात पाव बुडवला. "वीस मैल मोटरसायकलवर आलाय माणूस, गिरजाक्का. तुझे नाहीत का कापत?"

"माझे लवंग खाल्ल्यावर कापत नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. बघा आपलं."

एवढंच बोलले मी. पण शमुवेल त्या दिवसापासून बघायला लागले, आणि त्यांचं बघणं इतरांनी बघितलं.

बघण्यासारखं घडतही होतं. त्याच आठवड्यात साहेब एका मुलाला घेऊन उतरत होते. विमान पट्टीला टेकायचं तिथे टेकलंच नाही. तरंगत तरंगत निम्म्या पट्टीपर्यंत आलं, मग आपटलं, उसळलं, पुन्हा आपटलं. थांबलं तेव्हा पुढे हाताच्या अंतरावर खड्डा होता. चार दिवसांनी दुसऱ्या विमानाचं तसंच झालं. दोन्ही वेळा सकाळी. दुपारी मात्र तेच साहेब, तीच विमानं, अलगद उतरायची.

"सकाळीच का होतं असं?" शमुवेल मला हळूच म्हणाले.

"दुपारपर्यंत उतरते," मी म्हटलं.

त्यांना कळलं काय उतरते ते.

इथे एक सांगायला हवं. विमान नेहमी वाऱ्याच्या तोंडात उतरवतात. वारा समोरून असला की ते लवकर थांबतं, पाठीमागून असला की पुढेच पळतं. वारा कळायला खांबावर कापडाची मोठी नळी लावलेली असते. साहेब लोक तिला विंडसॉक म्हणत, आम्ही बाही म्हणायचो. बाही ज्या बाजूला उडते तिकडे वारा चाललाय. लोंबत असली तर वारा नाही, आणि मग सकाळी पूर्वेकडून यायचं, म्हणजे ऊन पाठीशी राहतं, डोळ्यांवर येत नाही. ही आमच्याकडची रीत.

जुनी बाही दिवाळीत फाटली होती. नवीन मुंबईहून यायला वेळ लागणार होता, म्हणून मी शिवून दिली. लग्नाआधीपासून मी शिवणकाम करते. जुनी अगदी पातळ, भिकार कापडाची होती. मी जाड मांजरपाट घेतला, लाल-पांढरे पट्टे जोडले आणि आतून अस्तर लावलं. शिवण दुहेरी. देवचक्के हात लावून म्हणाले होते, "गिरजाबाई, ही तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त टिकेल." गावातल्या बायका खास बघायला आल्या. ती खांबावर चढली त्या दिवशी मी दोनदा भाकरी करपवली, इतकं माझं लक्ष वर होतं.

मग एका सकाळी होनपसाहेब कॅन्टीनच्या दारात येऊन उभे राहिले. चहा मागितला नाही. नुसते मान तिरकी करून उभे.

"बाई, तुम्हाला वारा लागतोय का हो?"

मी खांबाकडे बघितलं. "बाही तर सरळ लोंबतेय, साहेब."

"हां. लोंबतेय खरी." ते तसेच उभे. "मला कानाला लागल्यासारखा वाटला."

"थंडीनं होतं तसं."

"तुम्ही पूर्वी बाहेर चूल पेटवायचात, नाही?"

"दिवाळीपासून गॅस आलाय. तुम्हीच तर सही केली होती."

"खरंय," ते म्हणाले आणि गेले. मी शमुवेलना सांगितलं, आज तर साहेबांना नसलेला वारा लागतोय.

साहेबांच्या पिशवीचा बंद तुटला होता, तो शिवायला त्यांनी पिशवी माझ्याकडे टाकली होती. निळी, कॅनव्हासची. आत रुमालात गुंडाळलेली बाटली होती. बुचावर मेणकापड आणि वरून सुतळी. मी बंद शिवला, पिशवी परत दिली, आणि बाटलीचं शमुवेलना सांगितलं. शमुवेलनी आणखी कुणाला. संक्रांतीच्या फेरीसाठी त्या वर्षी वही ठेवली, तर आठ दिवसांत एकानंही नाव दिलं नाही. सरपंचाची आई दरवर्षी पहिली असायची. ती म्हणाली, "मला अजून नातसून बघायचीय."

निरुपमा ही गावच्या डॉक्टरांची मुलगी. वीस वर्षांची, केस मुलासारखे कापलेले, आणि खायला पहिली. तिचा एकटीनं उडायचा दिवस जानेवारीच्या पाच तारखेला ठरला. सकाळी ती माझ्याकडे पोहे खात होती.

"मावशी, लिंबू पिळा ना अजून. घशाखाली उतरत नाहीये."

"नीरू, आज नको जाऊ."

"का?"

"उद्या जा. दुपारी जा."

ती माझ्याकडे बघून हसली. "तुम्ही पण ना! साहेब पितात असं म्हणायचंय ना तुम्हाला? अहो, आज साहेब जमिनीवरच राहणारेत. मी जाणारे."

"पण जा म्हणणारे तेच आहेत."

तिनं बशी ठेवली. हसणं गेलं होतं. तरी ती गेली.

साहेब पट्टीच्या कडेला उभे होते, हात मागे. निरुपमानं एक मोठा वळसा घेतला आणि पूर्वेकडून उतरायला आली. ऊन तिच्या पाठीशी होतं. विमान खाली आलं, आणि टेकेना. साहेबांनी एक हात वर केला, जणू त्यांच्या हातानं ते थांबणार होतं. मग ते पळायला लागले. विमान पट्टी संपेपर्यंत धावलं, खड्ड्यावरून उडालं आणि पलीकडच्या हरभऱ्यात नाक खुपसून उभं राहिलं.

आम्ही पोचलो तेव्हा निरुपमा बाहेर बसली होती. उजवं मनगट वाकडं झालं होतं. ती साहेबांना म्हणत होती, "सर, मी सगळं केलं. सगळं बरोबर केलं. ते थांबतच नव्हतं."

साहेब तिच्यासमोर चिखलात गुडघ्यावर बसले होते. "हो. हो, बाळ. मी बघत होतो."

त्यांच्या तोंडाला लवंगेचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी देवचक्क्यांनी मला ऑफिसात बोलावलं. माणूस बारीक, कपडे इस्त्रीचे, पेनाला टोपण लावल्याशिवाय बोलायचा नाही. मुंबईहून चौकशीचे साहेब चार दिवसांनी यायचे होते. त्याआधी सगळ्यांचे जबाब हवे होते.

"गिरजाबाई, यावर होनपांची नोकरी आहे. फक्त नोकरी नाही, त्यांचं उडण्याचं लायसन आहे. ते गेलं की माणूस पुन्हा विमानाला हात लावू शकत नाही. तेव्हा जपून सांगा. ते पितात का?"

"वास येतो."

"कसला?"

"लवंगेचा."

"लवंग खाणं गुन्हा नाही, बाई."

"हात कापतात."

"थंडी आहे."

पेन हातात धरून ते माझ्याकडे बघत राहिले. मला त्यांचा राग आला. भाच्याचा सूड घ्यायचाय, आणि वर मलाच उलटे प्रश्न विचारून आपण नामानिराळे राहणार. मी पिशवीचं सांगितलं, राघूचं सांगितलं. नीरूचं मनगट माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. बोलता बोलता माझा आवाज चढला. ते लिहीत होते, एक पान, मग दुसरं. मग मी मूळ कागदावर आणि कार्बनच्या प्रतीवर अंगठा दिला. शाई पुसायला त्यांनी स्वतःचा रुमाल दिला, तोही मला लबाडीचाच वाटला.

चौकशीच्या दिवशी सकाळी गॅस संपला.

मुंबईचे साहेब आठला पोचणार, आणि चहाला आग नाही. मी कॅन्टीनमागची जुनी चूल झाडली, तुराट्या घातल्या, वर ओलसर लाकूड ठेवलं. धूर झाला. डोळे चोळत मी मागे सरले आणि धुराकडे बघितलं.

धूर वर जातच नव्हता. चुलीतून निघाला की आडवा होत होता आणि जमिनीसरसा पळत होता. पश्चिमेकडे. कुणीतरी ओढून नेल्यासारखा.

मी वर बघितलं. बाही खांबाला लोंबत होती. शेपूट हलली तर हलली.

मी पुन्हा धुराकडे बघितलं. पदर सोडला, तो पश्चिमेकडे फडफडला. कितीतरी वेळ मी तशीच उभी होते, चहाचं आधण उतू गेलं तरी. मग मी शमुवेलना हाक मारली.

"मिस्त्री, बाही खाली घ्या."

"आता? साहेब येतील एवढ्यात."

"खाली घ्या म्हणते ना!"

त्यांनी दोर सोडला. बाही माझ्या हातांत आली, आणि वजनानं माझे हात खाली गेले. मी तिचं एक टोक धरून पिळलं. माझ्या पायांवर पाणी पडलं. अस्तराच्या आतून आणखी आलं. धुणं पिळावं तसं.

शमुवेलनी आधी धुराकडे बघितलं, मग पट्टीच्या पश्चिम टोकाकडे, जिथे हरभऱ्यात चाकांचे चर होते.

"दव," ते म्हणाले. "रात्रभर पितेय ती."

"आणि दुपारी वाळते," मी म्हटलं.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नव्हतो.

ऑफिसात टेबलामागे मुंबईचे साहेब होते. एका बाजूला देवचक्के, समोर होनपसाहेब आणि गळ्यात हात अडकवलेली निरुपमा. मी आत गेले आणि ओली बाही टेबलावर टाकली. कागदांवर पाणी गेलं.

"हे काय आहे?" मुंबईचे साहेब उठलेच.

"ही मी शिवलीय. हिच्यानं झालं सगळं. बाहेर या, दाखवते."

ते आले, हे त्यांचं मोठेपण. त्यांनी बाही तशीच ओली पुन्हा वर चढवायला लावली. मग धूर बघितला, बाही बघितली, खिशातला पातळ रुमाल चिमटीत धरून उंच केला. रुमाल पश्चिमेकडे ताठ उडाला. त्यांनी तो तीनदा धरून बघितला.

"म्हणजे वारा पाठीशी घेऊन उतरवत होतात तुम्ही," ते होनपसाहेबांना म्हणाले.

"हो," होनपसाहेब म्हणाले. "मला एकदा शंका आली होती. कानाला वारा लागत होता. मी कानाचं ऐकलं नाही, बाहीचं ऐकलं. तेवढी चूक माझी लिहा."

"आणि दारूचं?"

"कुठल्या दारूचं?"

ते खरंच विचारत होते. त्यांच्यापर्यंत ती गोष्ट पोचलीच नव्हती. आख्ख्या गावात एक तेच उरले होते.

सगळे पुन्हा ऑफिसात आलो, मागून शमुवेलही, तेव्हा मुंबईच्या साहेबांनी पिशवी मागितली. सुतळी सोडली, मेणकापड काढलं, बूच उघडून वास घेतला, मग जिभेला थेंब लावला. तोंड वाकडं केलं.

"मीठ?"

"मीठ आणि हळद. दाढ ठणकते. तासातासाला गुळण्या करतो. रात्री झोप नाही, सकाळी ही थंडी. काढायला गेलो तर आठ दिवस उडता येणार नाही, आणि मुलांचे तास हिवाळ्यातच भरायचे असतात. फेब्रुवारीत काढणार होतो."

मुंबईच्या साहेबांनी ओले झालेले कागद वेगळे केले आणि माझ्याकडे वळले. "तुमच्या जबाबात लिहिलंय की ही बाटली तुम्ही उघडून वास घेतलात, आणि ती दारूच होती."

होनपसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. एकदाच.

"मी असं बोलले नाही," मी म्हटलं.

"खाली अंगठा तुमचा आहे."

"अंगठा माझा आहे. मी लवंगेचं बोलले, हाताचं बोलले. बाटली बघितली म्हणाले. उघडली म्हणाले नाही." मी देवचक्क्यांकडे वळले. "मला वाचता येत नाही म्हणून काहीही लिहाल?"

सगळे देवचक्क्यांकडे बघत होते. भाचा सगळ्यांना आठवला होता.

देवचक्क्यांनी पेनाला टोपण लावलं. "बाई जे बोलल्या तेच मी लिहिलं. वाचूनही दाखवलं होतं."

"नाही दाखवलं!"

"मिस्त्री, तुम्हाला तरी पटतं का हे?" त्यांनी शमुवेलना विचारलं. शमुवेल जमिनीकडे बघत राहिले.

होनपसाहेब सुटले. दुसरी पातळ बाही आली, माझी खाली उतरली. देवचक्क्यांना कुणी काढलं नाही, पण पुढच्या बैठकीला त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर कुणी बसलं नाही. त्यांनी राजीनामा दिला. सामान न्यायला आले तेव्हा कॅन्टीनच्या दारात थांबले.

"गिरजाबाई, तुमच्या जबाबाची एक प्रत माझ्याकडे आहे. वाचायला शिका, आणि या."

"शिकेन की," मी म्हटलं. "तुमचं खोटं वाचायला शिकेन."

संक्रांतीच्या वहीत मी पहिलं नाव दिलं, म्हणजे निरुपमानं डाव्या हातानं लिहिलं. होनपसाहेबांनी मला वर नेलं. खाली माझ्या चुलीचा धूर दोऱ्यासारखा दिसत होता. मी दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसले होते.

"माफ करा साहेब," मी ओरडले. इंजिनाचा आवाज फार.

"काय?"

"माफ करा म्हटलं!"

त्यांनी खिशातून एक पुडी काढून माझ्यापुढे धरली. "घ्या. दाढ उद्या काढतोय, आता मला नकोत."

लवंगा होत्या. मी एक घेतली. मार्चमध्ये त्यांनी दुसरीकडे नोकरी धरली. जाताना सगळ्यांशी नीट बोलले. पण संक्रांतीनंतर त्यांनी माझ्याकडे चहा कधी घेतला नव्हता, घरून थर्मास आणायचे.

मी शिकायला लागले ती निरुपमाकडे. तिचं उजवं मनगट प्लास्टरमध्ये, म्हणून ती डाव्या हातानं गिरवायची, आणि शेजारी मी. दोघींची अक्षरं सारखीच वाकडी. सत्तेचाळीस वर्षांची होते मी. लोकांना वाटायचं म्हातारीला हौस आलीय. मला हौस नव्हती. मला एक माणूस पकडायचा होता. रोज संध्याकाळी पाटी घेऊन बसले की देवचक्क्यांचा तो इस्त्रीचा शर्ट डोळ्यांपुढे यायचा, आणि हात आपोआप चालायचा. छापलेलं वाचता यायला दोन वर्षं गेली. हातानं लिहिलेलं लागायला आणखी एक.

चौथ्या हिवाळ्यात मी तालुक्याच्या गावी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोनं दार उघडलं. मी कोण ते सांगितल्यावर ती बाजूला झाली नाही.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

"आमखेडीच्या."

"येऊ दे."

ते खुर्चीत बसले होते, शाल घेऊन. खूप वाळले होते. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही.

"आलं वाचायला?"

"आलं."

त्यांनी बायकोला कपाटातली खाकी फाईल आणायला सांगितली. दोन कागद काढून माझ्या हातात दिले. कार्बनचे होते, निळे, थोडे पुसट. माझ्या अंगठ्याचा ठसा खाली काळा होता.

मी खिडकीपाशी गेले. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. अक्षर चांगलं होतं, गोल, सुटं सुटं. मला वाटलं होतं तसं चिटणिसी भाषेत काही नव्हतं. *माझ्या नवऱ्याला मी अकरा वर्षं हुंगलंय, मला कुणी शिकवू नका.*

हे त्यांना सुचलं नसतं.

मी पुढे वाचलं. लवंग. कप खडखडला. कोमट चहा. मग पिशवी. *निळी पिशवी, बंद मी शिवला. बाटलीला मेणकापड, वर सुतळी, सुतळीला दोन गाठी.* देवचक्क्यांनी त्या पिशवीला कधी हात लावला नव्हता. दोन गाठी मलाच माहीत होत्या. त्याखाली त्यांनी प्रश्न लिहिला होता: *उघडून पाहिली का? विचार करून सांगा.* आणि त्याखाली उत्तर.

*उघडली. वास घेतला. दारूच. आता तरी खरं मानाल की नाही?*

कागदावरून माझाच आवाज आला. तो चढलेला, रागावलेला. मी खिडकीशी उभी होते, आणि मला तो दुपारचा ऑफिसातला उजेडही दिसला, त्यांचं थांबलेलं पेनही. मी बाटली उघडली नव्हती, हे मला पक्कं आठवत होतं. उघडली असं मी म्हणाले होते. मधली चार वर्षं मी ते कुठे ठेवलं होतं, देव जाणे. चौकशीत नाही म्हणाले तेव्हा मी खोटं बोलतेय असं मला वाटलंच नव्हतं.

सगळ्यांत खाली बारीक अक्षरात होतं: *वरील मजकूर वाचून दाखवला. बाईंनी "बरोबर" म्हटले.*

मी कागदांची घडी घातली.

"झालं वाचून?" देवचक्के म्हणाले.

"हो."

"मनात वाचलंत."

"हो."

त्यांनी बायकोकडे बघितलं. ती दारात उभी होती, पदर तोंडाशी धरून. चार वर्षं ती त्या गावात खोटं लिहिणाऱ्याची बायको म्हणून कशी राहिली असेल ते मला तिच्या उभं राहण्यात दिसलं.

"हिनं माझ्याकडून कितीदा ऐकलंय ते," देवचक्के म्हणाले. "माझ्यावर विश्वास आहे म्हणते. पण मी वाचलेलं आणि तुम्ही वाचलेलं यात फरक आहे. मोठ्यानं वाचा, बाई."

मी कागदांची घडी उलगडली. बोट पहिल्या ओळीवर ठेवलं, आणि तिला ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला लागले.